सगळे थांबल्यानंतर

प्रिय स्वरूपा,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे ठीक आहेत. तुझी आई या क्षणी शेजारच्या मोनिकाशी पाण्याच्या पाळीवरून भांडते आहे. तू माझ्याशी बोलणं टाकलंस त्याला महिना होऊन गेला. आईशी बोलतेस, माझं नाव निघालं की फोन ठेवतेस. माझे कान गेले आहेत असं आईने तुला सांगून पाहिलं, तर तू म्हणालीस, कोरसमध्ये गाणारा माणूस बहिरा कसा असेल? प्रश्न बिनतोड आहे. त्याचंच उत्तर द्यायला बसलोय. वाच, आणि मग ठरव बापाशी बोलायचं की नाही.

आमचं गायनपथक तुला आठवतच असेल. संध्याकाळी भोसरीतल्या शाळेच्या हॉलमध्ये शिफ्ट संपवून आलेली माणसं जमायची आणि तू माझ्या लुनाच्या पुढ्यात उभी राहून यायचीस. पथक बसवणाऱ्या विजयश्रीबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, इथे हुद्दा नाही, जात नाही, आवाज बघून जागा मिळेल. म्हणून पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या आमच्या प्रेस शॉपचे मालक लक्ष्मणराव माझ्या शेजारी उभे राहायचे, आणि दिवसा गटारी उपसणारा नागसेन पुढे उभा राहून पहिली ओळ उचलायचा. तो उचलणार आणि आम्ही सगळे, मालकासकट, त्याच्या मागून जाणार. दिवसभर ज्यांच्यापुढे मान खाली घालायची त्यांच्या बरोबरीने तोंड वर करून गायचं, याची नशा काही औरच होती बघ. दुसऱ्या दिवशी पुन्हा ते शेठ आणि मी ऑपरेटर, पण आदल्या संध्याकाळचं कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. तू विचारायचीस, अण्णा, यातला तुमचा आवाज कुठला? तो वेगळा ओळखू येत नाही याचाच मला अभिमान वाटायचा.

पण जिथे आवाज ओळखू येत नाही, तिथे बहिरेपणही लपतं. प्रेसचा ठोका कानात नाही, दातात बसतो. आम्ही कानात कापसाचे बोळे घालायचो, त्यावर काय भागणार? टीव्ही मोठा करायला लागलो तेव्हा आई ओरडायची आणि मी म्हणायचो, लक्ष नव्हतं. ऐकू येत नाही असं शॉपमध्ये कबूल करणारा माणूस मशीनवरून निघतो आणि मग झाडू मारतो, हे डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून गप्प राहिलो. पथकात बाईंचे हात बघायचो, नागसेनचा गळा बघायचो. पेटीचे खालचे सूर छातीत जाणवायचे, तेवढ्यावर मी वर्षं काढली. सगळ्यात आधी ओळखलं ते लक्ष्मणरावांनी. ओळ उचलायची वेळ आली की माझं मनगट दाबायचे, थांबायचं असलं की सोडायचे. ज्या माणसाच्या शॉपने माझे कान खाल्ले, त्याच्याच बोटांवर मी गात होतो. त्यांचा राग करावा की पाया पडावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

यंदाच्या जानेवारीत चिंचवडला स्पर्धा होती. ऐन वेळी रांगा बदलल्या आणि लक्ष्मणराव दुसऱ्या टोकाला गेले. गाण्यात एक जागा आहे, सगळे एकदम तुटून थांबतात आणि मग नागसेन एकटा सूर लावतो. मी नेमके तेव्हा डोळे मिटले होते. गाणं रंगलं होतं गं, मिटले गेले. उघडले तेव्हा बाईंची मूठ बंद होती, सगळ्यांची तोंडं बंद होती आणि समोरचा हॉल हसत होता. मी एकटाच गात होतो. किती वेळ, कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

लक्ष्मणरावांनी स्वतःच्या गाडीतून पिंपरीला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर कागदावर लिहून विचारत होते, काम कुठलं? मी म्हणालो, पॉवर प्रेस. लक्ष्मणराव खिडकीबाहेर बघत बसले. डॉक्टरांनी लिहिलं की बायकांचे, लेकरांचे बारीक आवाज आधी जातात आणि परत येत नाहीत. कानाला मशीन लावलं तर आवाज मोठा होईल, शब्द कळतीलच असं नाही. परतताना लक्ष्मणराव माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाले, "ज्योतीराम, तू निस्ता हुबा ऱ्हा. व्हट हलीव. आमी हाय की." मायेनेच म्हणाले असतील. त्यानंतर मी पथकात गेलो नाही. ऐकतो की ते स्वतःही जात नाहीत. ऐकतो म्हणजे आई हातवारे करून सांगते.

त्याच आठवड्यात तुझा फोन आला. आई दळण आणायला गेली होती. तुझं नाव दिसलं आणि मला मोह आवरला नाही. कानात नुसती भुणभुण होती. ती थांबली की मी हो हो म्हणायचो, पथकात वर्षानुवर्षं केलं तसंच, अंदाजाने. तुला सातवा लागलेला. डोहाळजेवणाचा दिवस ठरला असणार, असं मीच धरून चाललो. मोठ्याने हसलो आणि म्हणालो, फार चांगलं झालं, आता पेढे वाटायचे. संध्याकाळी जावईबापूंचा, धनेशरावांचा, आईला फोन आला. तिने मला खाली बसवलं, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि एकेक शब्द ओठांनी सांगितला. बाळ पोटातच गेलं होतं. आणि तू ते आईच्याही आधी मला सांगायला फोन केला होतास. पोरी, तू जे सांगितलंस त्यावर मी हसलो नाही. ते माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. आता मला ते पुन्हा सांग, अगदी पहिल्यापासून, कागदावर. मला तुझ्यासाठी रडायचंय.

तुझाच,
अण्णा