वहिनी, तो ग्रह नव्हता

प्रिय वहिनी,

दुसऱ्या कुणाला कळायच्या आधी हे तुम्हाला सांगायला हवं, म्हणून आज लिहायला बसलोय. तुमचा तो ग्रह, ग्रह नाही निघाला हो!

मंदारला हडपसरच्या कंपनीत नोकरी लागली आणि त्याचा जुना कंप्युटर तुमच्या खोलीत आला. दुसरी बाई त्यावर पत्ते खेळत बसली असती. तुम्ही साठी उलटल्यावर ताऱ्यांचे आलेख तपासायला लागलात! ताऱ्यासमोरून ग्रह गेला की उजेड अंमळ कमी होतो, आलेखात खळगा पडतो. जगभरची हौशी माणसं असे खळगे शोधून शास्त्रज्ञांना कळवतात. हे सगळं तुम्हीच मला मेथी निवडता निवडता समजावलंत. मी सातवी पास, पण कळलं बरं का!

मग एक दिवस तुम्हाला खळगा सापडला. मी पेढे आणायला निघालो, तर तुम्ही दारात आडव्या. "भाऊजी, एकदाच दिसलाय. गवगवा नको."

तुम्ही होतात तोवर पाळलं. शोकसभेत मात्र राहवलं नाही. सगळ्या सोसायटीपुढं सांगून बसलो, "आमच्या वहिनींनी ग्रह शोधलाय!" तळमजल्यावरचे कुलकर्णी म्हणाले, "पत्ता द्या, सुट्टीत जाऊन येऊ." पण डोळे त्यांनीही पुसले. आता सोसायटीच्या वाचनालयाच्या फलकावर तेच कोरायचं ठरलंय.

आणि परवा त्या ताऱ्याचे पुढचे आलेख आले. आणखी दोन खळगे! एक उथळ, एक पहिल्याइतका खोल. मी नाचायच्या बेतात होतो. मंदार म्हणाला, "काका, आधी आईची वही बघा."

वहीत तुमचं अक्षर: 'खोल, उथळ, खोल असं आलं तर ग्रह नव्हे. दोन तारे एकमेकांभोवती फिरताहेत. तसं असलं तर तसंच कळवायचं.'

अहो, मग हे मला दाखवून ठेवायचंत ना! माझा हिरमोड होईल म्हणून गप्प राहिलात? आणि केवढं हे मन! आपलाच शोध खोटा कसा ठरेल, ते आपल्याच हातानं लिहून ठेवायचं! मला तर आमटी खारट झाली तरी कबूल करवत नाही.

खरं सांगू? क्षणभर वाटलं, गप्प बसावं. कोण वर जाऊन बघणार आहे?

पण नाही. शब्द देतो वहिनी, रविवारच्या सभेत उभा राहून सगळं सांगेन. कोरणाऱ्यालाही थांबवेन. हसतील ते हसू देत. आणि शास्त्रज्ञांना आजच कळवतो, तुमच्याच नावानं: इथं ग्रह नाही, दोन तारे आहेत.

तुमचा धाकटा दीर,
वसंत