दुपारी दोनची स्क्रिप्ट

३ ऑगस्ट २००४, वेंगुर्ले
आजपासून हाताने काम बंद. पतसंस्थेच्या शिरोडा आणि रेडी शाखांच्या राउटरमधून भाड्याच्या डेटा लाइनीवर किती ट्रॅफिक जातं, त्याचा ग्राफ काढायचा तर प्रत्येकाची सेटिंगची कॉन्फिग फाइल मी टाइप करत बसू? मी काय टायपिस्ट आहे? स्क्रिप्ट लिहिणार. २८ला संचालकांपुढे डेमो. मग पर्मनंट. मग आई किशोरीच्या वडिलांकडे शब्द टाकणार. सगळं ठरलंय.

९ ऑगस्ट
स्क्रिप्ट तयार! रोज दुपारी दोनला राउटरला हाक मारते. ओ दिली तर फाइल बनवते. नाही दिली तर फाइल पुसून ग्राफ शून्य. शिस्त म्हणजे शिस्त. दोनलाच का? जेवणानंतर मी जरा आडवा होतो. आपण घोरावं, मशीनने राबावं, यालाच ऑटोमेशन म्हणतात.

१२ ऑगस्ट
दोन्ही ग्राफ शून्य. शाखांत कोणी कामच करत नसणार. मला आधीपासून संशय होता.

१८ ऑगस्ट
अजून शून्य. स्क्रिप्ट पुन्हा वाचली. चूक सापडेना, म्हणजे चूक नाहीच. शिरोड्याच्या मॅनेजर सुशीलाताईंना फोन करून झापलं. उलट त्याच म्हणाल्या, सकाळपासून तुमका आकडे धाडून धाडून बोटां मोडली मेल्या! असतील. पण ग्राफ खोटं बोलत नाही.

२३ ऑगस्ट
उलगडा झाला. दुपारी एकला शाखा बंद करून सगळे घरी जेवायला जातात, चारला येतात. आणि जाताना मेन स्विच बंद! राउटरसकट! ताईंना म्हटलं, निदान राउटर तरी चालू ठेवा. म्हणाल्या, घर सोडून जाताना कोण दिवो पेटतो ठेवता काय रे? रेडीचे बाबली त्याच माळेतले. कपाळ माझं.
स्क्रिप्टची वेळ अकराची करणं एका ओळीचं काम. पण मग चूक माझी होती असं ठरेल. त्यापेक्षा राउटर बंद करू नये असं परिपत्रक काढलं.

२६ ऑगस्ट
परिपत्रक मिळालं का, म्हणून बाबलींना फोन. मिळालं. म्हणाले, घरी त्यावर सुंगटं सोलली, म्हणजे कोळंबी.

२७ ऑगस्ट
मन मारून वेळ बदलायचं ठरवलं. जेवून जरा पडतो आणि बदलतो.

तोच दिवस, संध्याकाळ
सहाला जाग आली. ऑफिसला कुलूप. किल्ली हेडक्लार्ककडे, हेडक्लार्क सासरी. देवा महाराजा, आता तूच बघ.

२८ ऑगस्ट
सकाळपासून लाइट नाही. आली ती थेट डेमोच्या वेळी. चेअरमन धोंडूशेठ दोन्ही शून्यांकडे बघत राहिले. म्हणाले, लायनीतसून कायच जाणा नाय, मगे भाडां कित्याक भरूचा? ठराव झाला: दोन्ही लाइनी बंद, आकडे एसटीने फ्लॉपीवर यायचे. लाइन नाही तर लाइन बघणारा कशाला, हाही ठराव लगेच झाला. ग्राफ चुकीचे आहेत, एवढंच सांगायचं होतं. त्याऐवजी वायर गुंडाळल्या.
घरी आईने विचारलं, काय म्हणाले रे? म्हटलं, माझे ग्राफ सगळ्यांना एकमताने पटले. ती पातळ बदलून आनंदाने किशोरीकडे निघाली. तिला थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं.