दवाखान्याच्या पाटीवरून मयत बायकोचे नाव कमी करण्याविषयी

प्रति,
मेहेरबान प्रांतसाहेब,
मुक्काम कारवार, जिल्हा कानडा.

तारीख १४ ऑक्टोबर १९२६

विषय : आमच्या वाडीतील बंद दवाखाना चालू करणे व त्यास दिलेले नाव रद्द करणे.
संदर्भ : अर्जदाराचे श्रावण व भाद्रपदातील दोन अर्ज. उत्तर नाही.

मेहेरबान साहेब,

अर्जदार परशू बिन लाडू वेळीप, धंदा भातशेती व जंगलातील मजुरी, राहणार कुळगीनजीक, अदबीने लिहून देतो की,

१. आमच्याकडे हिवताप घरोघर असतो. गोरगरिबांस तापावरचे कोयनेल फुकट मिळावे म्हणून सरकारने गेल्या माघात दवाखाना मंजूर केला. इमारत झाली, औषधांच्या पेट्या आल्या, कंपाउंडरही आला. दार मात्र उघडले नाही.

२. कारण असे की, दवाखाना आपण आणला असे लोकल बोर्डाचे सभासद भुजंगराव म्हणतात, आणि आपण आणला असे दुसरे सभासद गुंडूशेट म्हणतात. पाटीवर कोणाचे नाव घालावे ते ठरेना. दोघांनी दोन सभा घेतल्या व आम्हांस टाळ्या वाजवावयास बोलावले. आम्ही दोन्हीकडे वाजवल्या. निकाल होईतो कुलूप काढू नये, एवढ्या एका गोष्टीत दोघांचे एकमत आहे.

३. भाद्रपद वद्य पंचमीस माझी बायको सुंदरी हिला ताप भरला. मी व भाऊ झिलू यांनी तिला बांबूच्या माचीवर घालून, खांद्यावरून दवाखान्यापाशी नेले. कंपाउंडर भला माणूस, रडकुंडीस आला. म्हणाला, "किल्ली माझ्याजवळ आहे, पण उघडलं तर नोकरी जाईल." आम्ही पडवीत बसून राहिलो. खिडकीतून पेट्या दिसत होत्या. बायको विचारी, "आजून हुकूम न्हाई व्हय?" मी म्हणे, "येतोय." तिसऱ्या दिवशी दुपारी ती तेथेच वारली. मजजवळ कोयता होता. सरकारी कुलूप म्हणून हात उचलला नाही. हे मला कोणी विचारले नाही, तरी लिहून देतो.

४. बाराव्याला दोघेही सभासद घरी आले. गुंडूशेटमुळे गेली, असे भुजंगराव म्हणाले. भुजंगरावांमुळे गेली, असे गुंडूशेट म्हणाले. शेवटी समेट झाला की, दोघांचेही नाव नको, 'सुंदरी धर्मार्थ दवाखाना' म्हणावे. पाटी रंगून तयार आहे. आता ही सूचना आधी कोणी मांडली यावरून वाद लागला असून, मी साक्ष द्यावी असा दोघांचा तगादा आहे. मला खरोखर आठवत नाही. मी त्या वेळी पिंड ठेवीत होतो. कुलूप तसेच आहे.

५. काल सकाळपासून माझी मुलगी बाळी हिला हुडहुडी भरली आहे. तरी दवाखाना कोणी आणला हे हुजुरांनीच ठरवावे. जे ठरेल ते मी चार लोकांत बोलेन, अंगठाही देईन. बायकोचे नाव मात्र पाटीवरून काढवावे आणि दार उघडण्याचा हुकूम व्हावा.

हा कागद कारवारास पोचावयास पाच दिवस लागतात, हे मला ठाऊक आहे.

हुजुरांच्या हुकमाची वाट पाहणारा,
परशू बिन लाडू वेळीप
निशाणी डाव्या हाताचा अंगठा

बकलम : वाडीतील शाळामास्तर