काटा मध्यावर नाही, भाऊजी

तीर्थस्वरूप भाऊजी,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द या खेपेला अक्षरशः घ्यावा, गेले तीन रविवार मी तुमच्या गाडीखाली आडवाच आहे.) इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, गाडी सोडून. तुमची प्रकृती कशी आहे ते ताईच्या पत्रावरून कळलं, म्हणून हे फोनवर न बोलता लिहितो आहे. फोनवर मला खोटं फार चटकन सुचतं.

गॅरेज बंद करताना तुम्ही गाडी माझ्या हवाली केलीत आणि एकच अट घातलीत : तापमानाचा काटा मध्यावर राहिला पाहिजे, वर सरकला तर गाडी थांबवायची आणि तुम्हाला कळवायचं. तेव्हापासून दर रविवारी तुमचा फोन येतो. मेहुण्याची कंबर कशी आहे, दुकान कसं चाललंय, काही चौकशी नाही, थेट "काटा कुठे आहे?" आणि मी म्हणतो, मध्यावर. भाऊजी, गेले तीन रविवार काटा मध्यावर नव्हता. पार वर, त्या लाल पट्ट्यात जाऊन बसला होता. सांगितलं नाही त्याला कारण माझंच तोंड. त्या दिवशी गॅरेजात तुमच्या हातून पाना दोनदा निसटला, आणि मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो की हात थरथरायला लागले की कारागिराने हत्यार खाली ठेवावं. वर, माझी शिंप्याची कात्री बघा, अजून केसभर हलत नाही, हेही ऐकवलं. तुम्ही पाना पुसून भिंतीवर टांगलात आणि आठवड्याभरात गॅरेजला कुलूप लावलंत. आता त्याच तोंडाने तुमची मदत कशी मागू, म्हणून मी स्वतःच वैद्य झालो.

पहिल्या रविवारी मी रेडिएटर धुतला. (बाहेरून. आतूनही धुतात हे नंतर कळलं.) गाडी छान दिसू लागली आणि काटा होता तिथेच राहिला. दुसऱ्या रविवारी पंखा फिरतो का ते पाहायला नाक जरा जवळ नेलं, तर फिरतो हे सिद्ध झालं आणि माझी गळ्यातली मोजपट्टी गेली. (ती वीस वर्षांची होती. तिच्यावरचे आकडे गेले होते, पण मला पाठ होते.) मग एकाएकी तुमचे शब्द आठवले. वरचा पाइप चटका देतो आणि खालचा गार लागतो, म्हणजे मधलं दार उघडत नाही, थर्मोस्टॅट काढून उकळत्या पाण्यात सोडून बघ. हात लावून पाहिला तर वरचा खरोखरच चटका देत होता. हे तुम्ही मला गेल्या वर्षी तासभर बसून समजावलं होतंत. त्यातला बराच वेळ मी मान डोलावत होतो ती झोपेने, हेही आज कबूल करून टाकतो.

थर्मोस्टॅट काढला, कोटाच्या बटणाच्या दोऱ्याने बांधून हिच्या दुधाच्या पातेल्यात सोडला. पाणी किती तापलं ते कळावं म्हणून शेजारी तापाचा थर्मामीटर बुडवला. तो माणसांसाठी असतो. तो फुटला, पातेलं बाद झालं, आणि हिने जे म्हटलं ते तुम्ही वडीलधारे असल्यामुळे लिहीत नाही. पण पाणी खळखळा उकळूनही दार उघडलं नाही, म्हणजे दुखणं सापडलं! मी नवा थर्मोस्टॅट आणून स्वतःच्या हाताने बसवला. आता बसवताना एक प्रश्न आला : स्प्रिंगची ओबडधोबड बाजू इंजिनाच्या आत करायची की बाहेर? भाऊजी, मी पस्तीस वर्षं शिंपीकाम करतो आहे. शिवताना सुलट बाजू आत आणि उलट बाजू बाहेर, यात माझी आजवर चूक झालेली नाही. तसंच बसवलं. कापड नंतर उलटवून घेता येतं आणि इंजिन येत नाही, एवढं लक्षात राहिलं नाही.

तिसऱ्या रविवारी नवऱ्या मुलाचा कोट पोचवायला निघालो. पुलाच्या चढावर पुढून वाफेचा लोट आला. तापलेलं झाकण उघडायचं नाही हे तुम्ही शंभरदा बजावलं होतंत. मी हाताला कापड गुंडाळून उघडलं. मागच्या सीटवर कापड एकच होतं. सगळ्या फोटोंत नवऱ्या मुलाने डावा हात पाठीमागे धरला आहे. लोकांना ती ऐट वाटली.

त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला आणि मी म्हणालो, मध्यावर. दुसऱ्या दिवशी ताईचं पत्र आलं. तुम्ही दिवसभर भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसता, रविवारी मला फोन करण्यापुरते उठता, आणि काटा मध्यावर आहे असं ऐकलं की "बरं" म्हणून पुन्हा खुर्चीत जाता. ते वाचून मी दुकानातलं मशीन थांबवलं आणि हे पत्र लिहायला घेतलं. मला वाटत होतं मी माझी लाज झाकतो आहे. भाऊजी, मी दर रविवारी तुम्हाला त्या खुर्चीत परत बसवत होतो. गॅरेजात बोललो त्याचं मला फार वाईट वाटतं. तेव्हाच वाटलं होतं, पण तेव्हा गिऱ्हाइकं होती.

ताईला नमस्कार. थर्मामीटरचं तिला सांगू नये, तो तिनेच दिला होता.

तुमचा मेहुणा

ता. क. आमच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने गाडी पाहिली. हे कोणी बसवलं म्हणून विचारलं, मी शिंप्याने म्हटलं. इंजिन वाचलंय, तासाभरात उलटं करून देतो म्हणाला. मी त्याला हात लावू दिलेला नाही. गाडी दारात उघडी आहे. तुम्ही या. समोर खुर्ची टाकतो, तुम्ही सांगा, मी करतो. डोकं तुमचं, हात माझे. माझे अजून स्थिर आहेत.

ता. क. २ (वहिनीकडून, हे पाकीट आणायला गेलेत तेवढ्यात) भाऊजी, यांचा हात वर्षभर थरथरतो आहे. सुईत दोरा मी ओवून देते, कापडही मीच कापते. तुमच्या गॅरेजात तसं बोलून आले, त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. तुम्ही नक्की या. तुम्ही सांगा, हे दिवा धरतील, पाना मी फिरवीन.