मोठ्या तोंडाचा कार्बोरेटर

मी, वय अडुसष्ट, धंदा मोटारदुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही मागे लागलेलं नसताना लिहीत आहे. घाई आहे. सोमवारी माझ्या घशाचं ऑपरेशन आहे. वाचलो तरी आवाज राहणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. आज गुरुवार.

१. वर्कशॉप आणि त्यावरच्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळाव्यात. बँकेत जे निघेल तेही तिचंच. जिन्याची तिसरी पायरी हलते, जपून. ती ठोकतो म्हणून तिच्या आईला मी वीस वर्षं सांगत होतो.

२. पाने, पुलर आणि लेथ तंत्रशाळेला द्यावेत. कोपऱ्यावरच्या पेंटरला मात्र एक स्क्रूड्रायव्हरही देऊ नये. तो न विचारता नेतो आणि रंगाने बरबटून परत आणतो.

३. दोन दारांची जुनी निळी गाडी मुलीला. अपघातानंतर अकरा वर्षं लावून मी ती पुन्हा उभी केली, पण एकदाही रस्त्यावर काढली नाही. इंजिन मीच बांधलं आहे. ताकद वाढावी म्हणून थोडं बोअर केलं, कॅम जरा चढा बसवला, सायलेन्सरचे पाइप मोकळे केले. रस्त्यावर चालवायचंच इंजिन आहे ते, शर्यतीचं नव्हे.

४. कपाटात दोन कार्बोरेटर आहेत. मुलीने लहान बसवून घ्यावा. इंजिन जेवढी हवा ओढतं, तेवढंच तोंड कार्बोरेटरला हवं. तोंड मोठं असलं की सावकाश चालताना हवेचा जोर कमी पडतो आणि तिला पेट्रोल ओढता येत नाही. अशात पाय एकदम दाबला तर नुसती हवाच आत जाते, आणि इंजिन क्षणभर गुदमरतं. भरधाव वेगात मोठा कार्बोरेटर झकास चालतो. पण चौक ओलांडताना कोणी भरधाव नसतं.

हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आता कलम वगैरे राहू दे, सरळ लिहितो.

मोठा कार्बोरेटर एका शर्यतीच्या गाडीतून निघालेला होता. बॉनेट उघडलं की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं, एवढ्याचसाठी मला तो हवा होता. धाकटा भाऊ तेव्हा माझ्याबरोबरच काम करायचा. तो म्हणाला, "दादा, या इंजिनाला हे तोंड फार मोठं आहे. वहिनी चालवते ही गाडी." दुसऱ्या दिवशी त्याने लहान कार्बोरेटर साफ करून माझ्या बाकावर आणून ठेवला. मी म्हणालो, "मला शिकवू नकोस." आणि मोठाच बसवला.

बायकोने तीनदा सांगितलं, "अहो, पाय दाबला की ही दचकते." मी त्या कार्बोरेटरचे पेट्रोलचे जेट बदलले, पंप बदलला. तिसऱ्यांदा म्हणालो, "तुलाच क्लच सोडता येत नाही." हे माझे शब्द आहेत. दुसऱ्या कुणाचे नाहीत.

आठ दिवसांनी बाजाराच्या चौकात डावीकडून ट्रक आला. ती निसटली असती. तिने पाय दाबला होता. बघणाऱ्यांनी सांगितलं, गाडी पुढे झेपावली, थबकली, आणि तिथेच राहिली.

दवाखान्यात मुलीने विचारलं, "बाबा, तो कार्बोरेटर कोणी बसवला?" ती एकोणीस वर्षांची होती. मी म्हणालो, "काकाने."

धाकटा मागेच उभा होता. त्याने ऐकलं. बाहेर व्हरांड्यात मी त्याच्यापुढे हात जोडले, तर तो म्हणाला, "वहिनी गेली. पोर तरी तुझ्यापाशी राहू दे." त्या दिवसापासून तो वर्कशॉपमध्ये आला नाही. पंप दुरुस्तीच्या कारखान्यात नोकरीला लागला. त्याने कधीही, कोणाजवळही तोंड उघडलं नाही.

मुलीच्या लग्नात तो हॉलसमोर रस्त्यापलीकडे उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांना जायला सांगा." मी गेलो आणि सांगितलं. तो म्हणाला, "छान दिसते रे." आणि गेला. खापर त्याच्या माथी फोडून मी जेवायला बसलो.

५. मोठा कार्बोरेटर मोडीत घालू नये. माझी बाजू घेणारं कोणी निघालंच, तर त्याच्यापुढे ठेवावा.

६. धाकट्याच्या नावे मी काहीही ठेवत नाही. ज्याला मिळायचं आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या, आणि मला या कागदावर त्याची सही हवी आहे.

सह्यांआधी आणखी थोडं. शेजारच्या गादीवाल्याने साक्षीदार म्हणून सही केली. त्यानेच धाकट्याला बोलावून आणलं. अकरा वर्षांनी जिना चढला तो. उभ्यानेच दोनदा वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"दादा, मेल्यावर वाचायला ठेवतोयस? तेव्हा ती भांडणार कोणाशी? आवाज आहे तोवर सांग."

मी म्हणालो, "ती मला टाकेल रे."

"टाकेल कदाचित," तो म्हणाला आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

नंबर त्यानेच लावला. मुलगी म्हणाली, "बाबा, आवाज किती बसलाय. औषध घेताय ना?" मी मध्येच तोडलं. म्हणालो, "तो कार्बोरेटर मी बसवला होता. काका नको म्हणत होता. मी खोटं बोललो."

मी दोनदा हाक मारली. हे लिहितो आहे तोवर तिने फोन ठेवलेला नाही. तिचा श्वास ऐकू येतो. बोल गं, काहीही बोल. माझ्याकडे चार दिवस आहेत.

धाकट्याने पेन उचललं आहे.

ठिकाण : वर्कशॉपची माडी
दिनांक : सात, महिना अकरावा, सकाळी सव्वाअकरा

लिहून ठेवणार : (सही)
साक्षीदार पहिला : शेजारचा गादीवाला (सही)
साक्षीदार दुसरा : सख्खा धाकटा भाऊ (सही). फोन अजून चालू आहे.