सईच्या गेममधली पावलं

रविवार, संध्याकाळ

गेम फुकटात आला, पण त्यापायी माझी पोरगी सई आज न जेवता उठली.

आमच्या आवडीचा जुना बंदुकीचा गेम आता सईची कंपनी बनवते. नवा भाग तिनं हौसेनं लावून दिला, अन् मी सुरूच झालो. "पहिलेवाले बरे होते गा! हे दुश्मनाचं पाऊल काहून पोकळ वाजून राहिलं? टिचकीवर सागवान ओळखणारा माणूस मी, मले नका शिकवू!"

"बाबा, पावलांचे आवाज मीच केले," एवढंच बोलली.

काहून बोललो? आधी तिचं ऐकलं असतं तर?

बायकोनं मागाहून सांगितलं. दिवाळीत सईनं ते आवाज माझ्या नकळत आमच्याच लाकडाच्या वखारीत, सागाच्या फळ्यांवर रेकॉर्ड केले. बूट घालून चालणारा मीच होतो.