भावजयीचं नाक आणि अठरा ग्रॅम कॉफी

तीर्थरूप ताईस,

कंबर धरलेली असल्यामुळे उभ्यानेच केलेला, पण मनाने पुरता साष्टांग असलेला नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावोजी कानाचं यंत्र लावतात का, की अजूनही तू बोलायला लागलीस की काढून खिशात ठेवतात? (माझा त्यांना विरोध नाही. पण निदान तुझ्या देखत ठेवू नये.) आम्ही दोघं ठीक आहोत. हा शब्द मी मोजून वापरला आहे, कारण बत्तीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून दुकानादुकानांतले काटे तपासल्यावर माणसाच्या हातून शब्दही कमीजास्त पडत नाहीत.

परवा फोनवर तू विचारलंस की मागे एवढं काय घरघरतंय. मी मिक्सर म्हणालो. तो मिक्सर नव्हता. मी कॉफीचं यंत्र घेतलं आहे. किंमत विचारू नकोस, भावोजींना तर मुळीच सांगू नकोस. हे फोनवर सांगता येत नाही, कारण घर दोन खोल्यांचं आणि तुझ्या भावजयीचं नाक गेलं असलं तरी कान शाबूत आहेत.

नाकाचं तुला ठाऊकच आहे. त्या तापातून ती उठली, अंगात ताकद आली, चिडणंसुद्धा पूर्ववत झालं, पण वास परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, येईल किंवा येणार नाही, रोज सकाळी डोळे मिटून तीव्र वासाच्या वस्तू हुंगायच्या, म्हणजे नाकाला आठवण राहते. लवंग झाली, लिंबू झालं, डांबराची गोळी झाली. काही नाही. मग मला सुचलं की बाईला आयुष्यभर कॉफीचं वेड, तेव्हा कॉफीच करावी, आणि करायचीच तर अशी करावी की नाकाला दार उघडण्यावाचून गत्यंतर राहू नये. त्या भरात यंत्र आलं. (भर ओसरेपर्यंत परत करायची मुदत संपली होती.)

आता हे यंत्र म्हणजे काय, ते ऐक. दांडीला एक चाळणी असते, तीत अठरा ग्रॅम पूड घालायची, दट्ट्याने दाबायची, दांडी यंत्रात फिरवून बसवायची, की अर्ध्या मिनिटात छत्तीस ग्रॅम कॉफी खाली उतरते. ग्रॅम हा शब्द वाचला आणि मला वाटलं, हे तर आपलंच खातं. निवृत्तीच्या दिवशी मिळालेली पितळी वजनांची पेटी माळ्यावरून काढली, यंत्रासोबत आलेला छोटा काटा तपासला, तो अर्धा ग्रॅम खोटा निघाला, मी विक्रेत्याला तीन पानी पत्र लिहिलं. त्याने एक हसरा चेहरा पाठवला. आमच्या काळात असल्या उत्तरावर दुकानाला टाळं लागलं असतं.

पहिल्या दिवशी दांडी नीट बसली नव्हती. यंत्र सुरू करताच ती सुटली आणि अठरा ग्रॅमपैकी निदान बारा ग्रॅम छतावर गेले. (उरलेले चष्म्यावर होते, त्यामुळे छताचं मला उशिरा कळलं.) दुसऱ्या दिवशी पूड जाड पडली, आठ सेकंदांत भांडी विसळल्यासारखं पाणी आलं. तिसऱ्या दिवशी इतकी बारीक दळली की यंत्र मिनिटभर कण्हलं आणि एकच थेंब पडला, तोही मला बघून. मग कुठेतरी वाचलं की दट्ट्या पंधरा किलोच्या जोराने दाबावा. अंदाजाने दाबणं माझ्या रक्तात नाही. मी न्हाणीघरातला वजनकाटा ओट्यावर ठेवला, त्यावर दांडी, दांडीत दट्ट्या, आणि स्टुलावर चढून, खाली आकडा बघत, श्वास रोखून दाबत होतो, तेवढ्यात तुझी भावजय आत आली. तिने वाकून काट्यावरचा आकडा वाचला आणि म्हणाली की एवढं वजन वाढलंय असं वाटत असेल तर अख्खे एकदमच चढा, एकेक हात कशाला मोजताय.

दुधाच्या वाफेची नळी हा वेगळा विषय. ती पहिल्यांदा सोडली तेव्हा असा काही आवाज झाला की खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य तोंडाला मास्क लावून धावत वर आले. इमारतीत कोणी दुसरा दवाखाना काढला असावा अशी त्यांची समजूत झाली होती. त्यांना बसवून कॉफी दिली. त्यांनी घोट घेतला आणि रोग्याला दाढ काढावी लागेल हे सांगतानाचा चेहरा केला. त्यानंतर ते जिन्यात भेटले की आज उपास आहे म्हणतात.

पण ताई, हे सगळं मी ज्यासाठी करत होतो ते होऊ लागलं होतं. आठव्या दिवशी कप तिच्या नाकाखाली धरला, ती डोळे मिटून बसली होती, आणि म्हणाली, थोडासा येतोय. मी कप इतक्या घाईने खाली ठेवला की निम्मी बशीत सांडली. मी लगेच वही केली. तारीख, वजन, सेकंद, आणि शेवटच्या रकान्यात वास. थोडा, थोडा, बरा, काही नाही, बराच, छान. ती म्हणेल ते मी लिहायचो. तुला आठवतं, मी कामावरून आलो की दारातच ती माझा शर्ट हुंगायची आणि आज कुठे काटे तपासले ते सांगायची? रॉकेलवाला, मसालेवाला, खिळेमोळे, कधी चुकली नाही. (एकदा मी काम टाकून नाटकाला गेलो होतो, तेही ओळखलं.) ताप आल्यापासून शर्ट नुसता बादलीत जातो. मला वाटलं, आता ते दिवस परत येणार.

एक्केचाळिसाव्या दिवशी मी पूड दळली, वजन केलं, आणि स्टॉपवॉच शोधण्याच्या नादात ती काट्यावरच विसरलो. रिकामी चाळणी बसवून यंत्र सुरू केलं. कपात नुसतं गरम पाणी पडलं. माझं लक्ष सेकंदांकडे, कप तिच्यापुढे. तिने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "आज फार छान आलाय. भाजलेल्या शेंगदाण्यांसारखा."

मी खाली बघितलं. कपाचा तळ दिसत होता.

निरीक्षक एका तपासणीवर निकाल देत नाही. वाटलं, ओट्यावरच्या पुडीचा वास गेला असेल. दुसऱ्या दिवशी (हे लिहायला लाज वाटते) मी कॉफीचा डबा न उघडताच मुद्दाम नुसतं पाणी दिलं. ती म्हणाली, आज कालच्याहून छान. मी वहीत 'छान' लिहिलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. नोकरीत खोटा काटा सापडला की जप्त करायचो, पावती द्यायचो, विषय संपायचा. इथे काय जप्त करणार? बाई माझ्यासाठी रोज सकाळी डोळे मिटून खोटं बोलत होती, आणि मी ते तारीखवार नोंदवत होतो. तेव्हापासून पुन्हा रोज खरी कॉफी करतो, ती छान म्हणते, मी लिहितो. दोघंही फार जपून वागतो. आणि मला भीती वाटते, ताई. ती जिथे आहे तिथे ना फोडणीचा वास, ना पावडरीचा, ना माझा. तिथे ती एकटी बसली आहे, आणि आतून मला सांगते आहे की सगळं छान आहे.

असो. गुडघ्याला शेक देत जा. भावोजींना नमस्कार, मोठ्याने.

तुझा,
धाकटा

ता. क. आईचं हाताने फिरवून कॉफी दळायचं यंत्र तुझ्याकडे पडून असेल तर कोणाबरोबर तरी पाठव. त्यासाठीच हे पत्र लिहिलं.

ता. क. २. त्यासाठी लिहिलेलं नाही. तू तिला फोन करून सरळ विचार, वास येतो का. तुझ्याशी ती खोटं बोलायची नाही, तुझा तिला धाक आहे. येत नाही म्हणाली तर मला तसंच सांग. मी यंत्र दंतवैद्यांना देऊन टाकीन आणि दुसरं काहीतरी शोधीन. काय, ते ठाऊक नाही.

वन्सं,

नमस्कार. यांचं अक्षर पोस्टात कोणाला लागत नाही म्हणून पत्ता घालायला पाकीट नेहमी माझ्याकडे येतं. या वेळी दोनदा चिकटवलेलं होतं, तेव्हाच शंका आली. हे बाजारात गेल्यावर यंत्राच्या वाफेवर धरलं, अर्ध्या मिनिटात सुटलं. त्या यंत्राचा घरात झालेला हा पहिला उपयोग.

फोन करू नका, इथेच सांगते. तेव्हा मला कसलाच वास येत नव्हता. पाण्याचे दोन्ही दिवसही ठाऊक होते, कारण मी डोळे पुरते कधीच मिटत नव्हते. कप धरताना यांचा चेहरा कसा होतो तो तुम्ही पाहिला नाहीत, नाहीतर तुम्हीसुद्धा छान म्हणाला असता.

पण परवा यांचा शर्ट बादलीत टाकताना सवयीने नाकाशी नेला. वास आला. अगदी पुसट. आधी वाटलं मनाचे खेळ. मग कॉलर हुंगली, बाही हुंगली, आणि तिथेच न्हाणीघरात बसून रडले. कुठल्याच दुकानाचा नव्हता. दिवसभर आमच्याच स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाचा होता, जळक्या कॉफीचा.

यांना अजून सांगितलं नाही. छान वास आला म्हटलं तर आता यांचा विश्वास बसायचा नाही. म्हणून उद्या सकाळी कप पुढे आला की डोळे खरोखर मिटणार आहे आणि सांगणार आहे, "करपली आहे."